चौदा एप्रिलच्या आत

शंकरराव गणवीर रिटायर झाले तेव्हा शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या त्यांच्या मित्रमंडळींना काळजी पडली होती, की हा माणूस आता दिवसभर करणार काय? एकोणीसशे शहाण्णवच्या मार्च महिन्यात त्याचं उत्तर मिळालं. शंकरराव ड्राइव्हवेकडे बघत होते. सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीतून बघत, दुपारी जाकीट चढवून बाहेर जाऊन बघत, आणि रात्री जेवताना मीराबाईंना विचारत, "काय करायचं? धुऊन डागडुजी करून घ्यायची, की सगळा उखडून नवा टाकायचा?"

"धुऊन घ्या," मीराबाई म्हणत.

"तुला त्यातलं काय कळतं?" असं म्हणून शंकरराव पुढचा घास घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारत.

गाडी उभी करायच्या सिमेंटच्या पट्ट्यापायी कुणी आपली झोप उडवून घेतो, हे ऐकून हसू येणं साहजिक आहे. पण त्या पट्ट्यावरून शंकररावांच्या घरची बाबासाहेबांची जयंती जायची वेळ आली होती, आणि जयंती गेली असती तर त्या घरात मग दोन म्हातारी माणसं आणि एक टीव्ही एवढंच उरलं असतं. मुलगी अपर्णा तिकडे पश्चिम किनाऱ्यावर बॉथेलला, फोनवर इंग्रजीत बोलणारी.

पंचवीस वर्षांपूर्वी नागपूरहून शिकागोला आले तेव्हा शंकररावांच्या बॅगेत इंजिनियरिंगची डिग्री होती आणि कपड्यांच्या घडीत जपून ठेवलेला बाबासाहेबांचा फोटो होता. पहिली जयंती त्यांनी भाड्याच्या खोलीत केली. माणसं तीन : शंकरराव, मीराबाई आणि शेजारचा एक मेक्सिकन. त्याला कशाचं काय चाललंय ते कळलं नाही, पण खीर त्यानं दोनदा मागून घेतली. पुढे शॉमबर्गला घर झालं आणि जयंती घरची झाली. महाराष्ट्रातून आपल्या समाजाचा एखादा पोरगा शिकायला किंवा नोकरीला आला, की त्याला विमानतळावरून आणायला शंकरराव जाणार, पहिले काही दिवस तो त्यांच्या तळघरात झोपणार आणि जाताना एक ब्लँकेट घेऊन जाणार, हे ठरलेलं. ब्लँकेटं कधी परत आली नाहीत. पोरं मात्र चौदा एप्रिलला न चुकता परत येत. पुढे बायका घेऊन, मग बाळं घेऊन, मग बाळांना सांभाळायला भारतातून आलेल्या आपापल्या आया घेऊन.

आणि चौदा म्हणजे चौदा. अमेरिकेतला प्रत्येक सण सोयीच्या शनिवारी ढकलला जातो. शंकरराव ढकलू देत नसत. "बाबासाहेब काय वीकेंड बघून जन्माला आले?" असं ते विचारत, आणि मंगळवार असला तरी लोक ऑफिसातून थेट टाय सोडवत येत. फोटोपुढे मेणबत्त्या लागत, त्रिशरण-पंचशील होई, मग शंकररावांचं भाषण. ते भाषण लांबलचक असे, हे शंकरराव सोडून सगळ्यांना माहीत होतं. पण नंतर मीराबाईंचा वडा-भात आणि खीर असायची, त्यामुळे कुणी उठून जात नसे.

खरं तर शंकररावांना भाषणापेक्षा गाड्या लावून घेणं जास्त आवडायचं. पांढरा शर्ट, निळा स्वेटर घालून ते ड्राइव्हवेच्या तोंडाशी उभे राहत आणि हातवारे करत. ये, ये, अजून ये, बस! एकीला एक चिकटून गाड्या लागत. शंकररावांच्या बापाला गावात दुसऱ्याच्या अंगणात पाय टाकायची मुभा नव्हती. रस्त्यावरून हाक मारायची आणि लांब उभं राहायचं. त्याच्या मुलाच्या अंगणात आता गाड्या मावत नव्हत्या. त्या तासाभरात शंकररावांना आपण जिंकलो असं वाटे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. म्हणून ड्राइव्हवे हा शब्द ते फक्त दुसऱ्यांपुढे वापरत. मनात ते त्याला अंगणच म्हणत.

पण अंगण म्हातारं झालं होतं. थंडीत बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठानं सिमेंटचे पापुद्रे निघाले होते, तेलाचे डाग पडले होते, आणि मेपलच्या मुळानं एक लादी खालून वर उचलून धरली होती. गेल्या जयंतीला अनुपची आई त्याच लादीला ठेचकाळली आणि तिचं मनगट मोडलं.

अनुप म्हणजे शंकररावांनी विमानतळावरून आणलेल्यांपैकीच एक. सॉफ्टवेअरमध्ये होता, आता त्याचं स्वतःचं मोठं घर होतं, बायको जागृती मोठी हुशार आणि उरकाची होती. आई पडली त्या दिवशी तो काही बोलला नाही. डिसेंबरात, सहा तारखेच्या अभिवादनाला सगळे जमले तेव्हा मात्र बूट घालता घालता म्हणाला, "काका, डोन्ट माइंड हां. पण यंदा जयंतीचा काहीतरी वेगळा विचार करायला हवा. लोक किती वाढलेत बघा. त्यात तुमचा ड्राइव्हवे असा. परत कुणी पडलं तर प्रॉब्लेम होईल."

अनुप बरंच काही म्हणाला होता. शंकररावांना त्यातला ड्राइव्हवे तेवढा ऐकू आला. ते तीस वर्षं काँक्रीटच्या पुलांची डिझाइनं करत आलेले. लोक वाढले यावर त्यांच्याकडे इलाज नव्हता, काँक्रीटवर होता.

मार्च लागला तसा त्यांनी स्टॅन नावाचा कंत्राटदार बोलावला. स्टॅननं खिशात हात घालून एक चक्कर मारली आणि सांगितलं, की दोन मार्ग आहेत. पहिला, दाबाच्या पाण्यानं सगळं धुऊन काढायचं, भेगा भरायच्या, ती उचललेली लादी घासून सपाट करायची. एक-दोन दिवसांचं काम, दोन-तीन हिवाळे निघतील. दुसरा, सगळं फोडून, खाली नवी खडी दाबून, नवं काँक्रीट ओतायचं. वीस वर्षं बघायला नको. पण त्याला हवा उबदार हवी, म्हणजे मे महिना.

"चौदा एप्रिलच्या आत हवं," शंकरराव म्हणाले.

"मग धुऊन घ्या," स्टॅन म्हणाला.

मीराबाईही तेच म्हणत होत्या. एरवी त्या कशातच हट्ट धरणाऱ्या नव्हत्या, पण या बाबतीत त्यांनी भुणभुण लावली होती. "एवढा तोडफोडीचा खटाटोप कशाला? डाग गेले, भेगा बुजल्या, झालं. आपल्याला आता वीस वर्षांचं काय करायचंय?"

"आपल्याला नाही गं. लोकांना," शंकरराव म्हणाले. "अनुप बोलला ते बरोबर आहे. आपण घरी बोलावतो, तर माणूस आपल्या दारात पडता कामा नये. वरवर रंगरंगोटी करून काय उपयोग? यंदा तर चौदा तारीख रविवारीच आलीय. कधी नव्हे इतकी माणसं येतील."

मीराबाई भांडी घासत होत्या. त्यांनी नळ जरा मोठा सोडला.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. धुऊन घ्या म्हटलं."

पण शंकररावांचं ठरलं होतं. उबदार हवा लागते म्हणे! थंडीत काँक्रीट कसं सांभाळायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मार्चच्या शेवटाला तोडायचं, एप्रिल लागताच ओतायचं, वर पांघरूण घालायचं आणि आठवडाभर गाडी चढवायची नाही. हिशेब चोख होता. स्टॅन खांदे उडवून तयार झाला, कारण त्याला त्या दिवसांत दुसरं काम नव्हतं.

जुनं काँक्रीट फोडलं तेव्हा शंकरराव दिवसभर बाहेर उभे होते. ट्रकमध्ये तुकडे पडत होते आणि त्यांना आनंद होत होता. मीराबाईंना त्यांनी दोनदा बाहेर बोलावलं, "अगं बघ तर!" त्या दारापर्यंत आल्या आणि थंडी वाजते म्हणून आत गेल्या.

आणि मग बर्फ पडला. एप्रिल लागता लागता, झाडांना कळ्या दिसायला लागलेल्या असताना, आकाशानं डाव साधला. घरापुढे नुसता खड्डा, त्यात चिखल, चिखलावर बर्फ. स्टॅन फोनवर म्हणाला, "सांगितलं होतं." शंकरराव रोज हवामान ऐकत आणि रोज त्यांचं तोंड उतरत जाई. शेवटी जयंतीच्या आधीच्या मंगळवारी ऊन पडलं, काँक्रीटचा ट्रक आला आणि अंगण भरलं.

काम सुरेख झालं. ते कबूल करायलाच हवं. पृष्ठभाग असा एकसारखा आणि करकरीत, की शेजारचा माणूस कुत्रा फिरवताना थांबून बघून गेला. शंकररावांनी गॅरेजमधून बासमतीची रिकामी पोती काढली. इतक्या वर्षांच्या जयंत्यांच्या वडा-भाताची ती पोती, मीराबाईंनी एकही टाकलेलं नव्हतं. ती उसवून त्यांनी सगळ्या काँक्रीटवर पसरली आणि दुपारच्या उन्हात त्यांवर पाणी मारलं, नागपूरला नव्या स्लॅबवर मारतात तसं. वरून प्लॅस्टिक. पोरासारखी काळजी घेतली. पण रविवारी त्याला आठवडाही होणार नव्हता, आणि त्यावर गाडी चढणार नव्हती.

मग काय झालं? काही नाही झालं, माणसं चालत येतील. शंकररावांनी सगळं योजलं. गाड्या रस्त्याच्या कडेला लावायच्या, कोपऱ्यावरच्या चर्चला विचारायचं, हिरवळीवरून दारापर्यंत फळ्या टाकायच्या. ते फळ्या मोजायला गॅरेजमध्ये गेले असताना फोन वाजला. मीराबाईंनी उचलला, त्यांना नुसती हाक मारली आणि ते आत आल्यावर रिसीव्हर त्यांच्याकडे दिला.

"जय भीम काका, जागृती बोलतेय. ऐकलं मी, ड्राइव्हवे अजून ओला आहे ना?"

"ओला नाही, ओला नाही. चालायला एकदम पक्का आहे. फक्त गाड्या नको."

"तेच ना काका. इतक्या गाड्या स्ट्रीटवर कुठे लावणार? नेबर्स कम्प्लेंट करतील. तर आम्ही काय विचार केला, यंदा इथल्या शाळेच्या हॉलमध्ये करू या. तुम्ही काहीच टेन्शन घेऊ नका. काकूंनाही स्वयंपाक नको, केटरिंग सांगितलंय. तुम्ही दोघं फक्त या."

"अगं पण हॉल इतक्या ऐनवेळी..."

"झाला बुक, काका. सगळं अरेंज झालंय."

शंकररावांनी फोन ठेवला. ते गॅरेजचा दिवा मालवून आले. मग म्हणाले, "या स्टॅनच्या नादानं घात झाला. चार दिवस आधी ओतलं असतं तर हे झालं नसतं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते स्वतःला म्हणणं कठीण असतं, म्हणून ते स्टॅनला म्हणाले, हवेला म्हणाले, मुळात ज्यानं लादी वर आणली त्या मेपललाही म्हणाले. मीराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मी येत नाही त्या हॉलमध्ये," असंही ते म्हणाले. पण रविवारी सकाळी पांढरा शर्ट घालून तेच आधी तयार होते. जयंती त्यांनी जन्मात चुकवली नव्हती.

हॉल चांगला होता. चांगला नव्हता असं म्हणायची शंकररावांची फार इच्छा होती, पण होता. स्टेज होतं, माइक होता, बाहेर शंभर गाड्या राहतील एवढं पार्किंग होतं आणि तिथे कुणी हातवारे करायची गरज नव्हती, जमिनीवर पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. ते गाडीतून उतरून क्षणभर उगीचच तिथे उभे राहिले, आणि मागून येणाऱ्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा बाजूला झाले. दाराशी टेबल मांडून एक तरुण बसला होता. तो नावाच्या चिठ्ठ्या छातीवर चिकटवायला देत होता.

"जय भीम अंकल. फर्स्ट टाइम का? नाव काय लिहू?"

शंकररावांनी मागे वळून पाहिलं, की हा कुणाला विचारतोय. मग कळलं. "गणवीर," ते म्हणाले. त्या पोराचा दोष नव्हता. तो जानेवारीत आलेला, त्याला विमानतळावरून अनुपनं आणलं होतं.

आत गर्दी होती. इतकी माणसं शंकररावांच्या घरात कधीच मावली नसती. मुलं खुर्च्यांमधून धावत होती. फोटोला मोठा हार होता, वंदना झाली, पोरींनी गाणं म्हटलं आणि ते छानच म्हटलं. मीराबाई पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. ज्या बाईला या दिवशी मध्यरात्रीपासून पाठ टेकायला मिळत नसे, तिला आपल्या हातांचं काय करावं हे सुचत नव्हतं.

मग अनुप माइकवर आला. "आता आपल्या सगळ्यांचे लाडके, ज्येष्ठ मार्गदर्शक शंकररावकाका आणि मीराकाकू यांचा सत्कार." टाळ्या पडल्या. शाल आली, पुस्तक आलं, फोटो निघाले. आपल्याकडे माणसाला बाजूला करायचं असलं की आधी त्याला शाल देतात, हे शंकररावांनी भारतात कितीदा पाहिलं होतं. स्वतःच्या खांद्यावर ती पडली तेव्हा मात्र त्यांना उबदार वाटलं. "काका, दोन मिनिटं बोला," अनुप कानात म्हणाला. "जस्ट टू मिनिट्स हां, मुलांचं नाटक आहे नंतर."

शंकररावांनी तासाभराचं भाषण तयार केलं होतं. ते त्यांनी खिशात तसंच ठेवलं. माइक हातात घेतला आणि समोरच्या एवढ्या चेहऱ्यांकडे बघून त्यांना भरून आलं. त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

"आमचा ड्राइव्हवे झालाय," ते म्हणाले. "या आठवड्यात गाड्याही चढतील. यंदा तुम्हाला गैरसोय झाली, त्याबद्दल माफ करा. पुढच्या वर्षी सगळ्यांनी घरी यायचं."

पुढे बसलेल्यांनी एकमेकांकडे बघितलं. राजीव नावाचा एक जुना मुलगा, तळघरात सगळ्यात जास्त दिवस राहिलेला, खाली बघायला लागला. मग जागृतीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी वाजवल्या. "नक्की काका, नक्की!" अनुप म्हणाला, आणि माइक त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला.

जेवण कागदी ताटांत होतं. निघताना जागृतीनं मीराबाईंच्या हातात उरलेल्या पुलावाचे दोन डबे ठेवले. "काकू, रात्री स्वयंपाक नको करायला." ती मनापासूनच म्हणाली होती. ती वाईट मुलगी नव्हती, त्यातलं कुणीच वाईट नव्हतं, आणि म्हणून कुणावर रागावताही येत नव्हतं.

घरी परतताना शंकरराव खुशीत होते. गाडी त्यांनी रस्त्याकडेला लावली, फळ्यांवरून मीराबाईंना हात धरून दारापर्यंत आणलं, आणि आत न जाता पायरीवर उभे राहून ओल्या पोत्यांकडे बघू लागले.

"पाहिलंस ना? नक्की म्हणाला अनुप. आणि मी दुसरं एक काढलंय. पुढच्या वर्षी चौदा तारीख सोमवारी येते. शाळा चालू असते सोमवारी, हॉल मिळायचाच नाही. म्हणजे लोक आपल्याकडेच येणार! वडा-भात मात्र जास्त करावा लागेल बघ. मी आत्तापासून सगळ्यांना फोन..."

"अहो," मीराबाई म्हणाल्या.

त्यांच्या हातात पुलावाचे डबे होते. ते त्यांनी खाली ठेवले. इतके दिवस त्या हे गिळून होत्या आणि अजूनही गिळलं असतं, पण आणखी एक वर्ष हा माणूस अंगणात उभा राहून वाट बघताना त्यांना बघवणार नव्हता.

"ते पुढच्या वर्षी शनिवारी करणार आहेत. त्यापुढेही शनिवारीच. फेब्रुवारीतच ठरलं त्यांचं. यंदाचा हॉलसुद्धा तेव्हाच बुक केला होता."

"फेब्रुवारीत?" शंकरराव म्हणाले. "पण फेब्रुवारीत तर आपण अजून स्टॅनला..."

"हो."

"मग ड्राइव्हवे?"

"ड्राइव्हवेचं काही नव्हतं हो. लोकांना हॉलच हवा होता. जागृती मला दुकानात भेटली होती. म्हणाली, काकू, तुम्हीच सांगा काकांना, आमची हिंमत होत नाही. माझी पण झाली नाही."

शेजाऱ्याच्या घरात दिवे लागले. शंकररावांच्या खांद्यावर शाल तशीच होती. ते पायरीवरून उतरले, नळ सोडला आणि प्लॅस्टिकची कड उचलून पोत्यांवर पाणी मारू लागले, कारण आजचं पाणी मारायचं राहिलं होतं.

"मग धुऊनच घेतलं असतं तरी चाललं असतं," ते पाठमोरेच म्हणाले.

"हो," मीराबाई म्हणाल्या. "तेच तर म्हणत होते मी."